सासरचा पहिला उन्हाळा

लग्न झालं त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मी एकदा सासरचं घर सोडून निघाले होते. कुणाशी भांडण झालं नव्हतं. कुणी टाकून बोललं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. उलट त्या दोन महिन्यांत मी जेवढी करवंदं, आंबे आणि फणसाचे गरे खाल्ले, तेवढे त्याआधीच्या एकोणीस वर्षांत मिळून खाल्ले नसतील. तरी निघाले. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही धड सांगता येईल असं नाही. काय झालं ते मात्र सगळं लक्षात आहे.

माझं माहेर कोल्हापुरातल्या एका पेठेतलं. दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. त्यांच्या बोटांवरची शाई कधी पुरती निघायची नाही. आमच्या गल्लीतला आवाज कधी थांबत नसे. पहाटे तालमीतल्या पोरांचे शड्डू, मग नळावरची भांडणं, शेजारचा रेडिओ, टांगे, संध्याकाळी कोपऱ्यावर म्हशी उभ्या करून धार काढणारे गवळी. दारात नुसतं उभं राहिलं तरी दिवस निघून जायचा.

सासर मलकापूरच्या पुढं, रत्नागिरी रस्त्यापासून आत अर्ध्या तासाच्या चढावर. तीसएक घरं, भोवती भाताची खाचरं, मागं डोंगर. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं तरी गावात वीज आली नव्हती. नवरा लष्करात. माघात लग्न झालं, रजा संपली, आणि शिमग्याच्या आत तो उत्तरेकडं निघूनही गेला. घरात राहिलो चौघं : सासरे, सासूबाई, चौदा वर्षांची नणंद आणि मी. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्ती. मीही म्हणायला लागले, पण पहिले काही महिने ते शब्द नव्या चपलेसारखे चावायचे.

चैत्र लागला तशी मी एका जागी ठरेना. भाकरी थापता थापता उठून दारात यायची, परड्यात जायची, परत यायची. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. भरलेली घागर ओतून पुन्हा पाण्याला जायची. आत्ती चुलीपुढून म्हणायच्या,

"पायाला भिंगरी लागलीया व्हय गं? बस की जरा एका जागी."

बसायची. तेवढ्यात खालच्या रस्त्याला एष्टीचा हॉर्न वाजायचा. घरातून गाडी दिसायची नाही. वळणावर तिचा आवाज चढाला लागायचा आणि मग झाडीत बारीक बारीक होत जायचा. मी हातातलं तसंच टाकून उभी. दिवसातून चार वेळा माझा जीव त्या आवाजामागं पळत जायचा आणि चार वेळा दमून परत यायचा.

हे आधी ओळखलं नणंदेनं. तिनं मनावरच घेतलं की वैनीला करमवायचं. रोज दुपारचं जेवण झालं की ती मला ओढून डोंगराला न्यायची. करवंदाच्या जाळ्या काळ्या झालेल्या असायच्या. हात ओरबाडून निघत, बोटांना चीक चिकटे.

"आसंच गिळू नगंस वैनी. दातानं फोडून बघ. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी."

माझ्या निघायच्या सगळ्या कोंबड्याच. ती पोट धरून हसायची. तिथून आम्ही खाली नदीला उतरायचो. उन्हाळ्यात नदी म्हणजे खडकांमधून निघालेली पाण्याची एक दोरी, पण एका ठिकाणी छातीएवढा डोह होता. लुगड्यासकट त्यात बसायचं. पाणी इतकं गार की पाठीचा कणा शहारून जायचा. भिजल्या अंगानं तापल्या खडकावर पडायचं आणि लुगडं वाळायच्या आत घरी पोचायचं. घरी माळ्यावर भाताच्या पिंजरात, म्हणजे पेंढ्यात, आंब्यांची आढी घातलेली. सकाळी उठल्या उठल्या आत्ती आढी चाचपून पिकलेले आंबे काढायच्या आणि त्यातला पहिला माझ्या हातात द्यायच्या. लेकीच्या नाही, माझ्या.

"धर. गावठी हाय, पर गोड हाय."

यातलं काही मला गोड लागत नव्हतं असं म्हटलं तर खोटं होईल. गोड लागायचं. पण गोड लागल्याचाच राग यायचा. वाटायचं, या आंब्यांनी, या डोहानं ही माणसं मला इथं हळूहळू रुजवतायत, आणि एक दिवस मला एष्टीचा हॉर्न ऐकूच येणार नाही. खडकावर पडल्या पडल्या एकदम असं मनात यायचं आणि मी ताडकन उठायची. नणंद घाबरून विचारायची, "काय चावलं?" मी म्हणायची, "मुंगी."

दिवस बुडताना तर फारच व्हायचं. डोंगराची सावली अंगणात यायची, गुरं परतायची, मग सगळं एकदम गप्प. त्या गप्पपणात काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वडील न्यायला येणार होते. तसं पत्र आलं होतं. मी आठ दिवस आधी पिशवी भरून ठेवली. आखिती झाली, वडील आले नाहीत. चार दिवसांनी त्यांचं कार्ड आलं : लग्नसराईमुळं पत्रिकांचं काम उरकत नाही, मालक रजा देत नाहीत, पावसाच्या तोंडाला बघू. कार्डाच्या कडेला धाकट्या बहिणीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं की, सगळी आत्ये-मामेभावंडं जमलीत, परवा सगळ्यांनी मिळून सिनेमा बघितला, तुझी जागा मी धरली होती. बसायची जागा धरली होती म्हणे! ते वाक्य मी इतक्यांदा वाचलं की कार्ड मऊ पडलं.

आत्तींना विचारलं, "मी एकटीच जाऊ का?"

"एकली?" त्यांनी भाकरी तव्यावरच राहू दिली. "नवी नवरी एकली एष्टीत बसून म्हायेरला गेली तर गाव काय म्हनंल? न्यायला मानूस आलं की जा. मी काय तुला बांधून घातलीया व्हय?"

त्यांचं चुकलं नव्हतं. तेव्हाची रीत तीच होती. पण त्यानंतरचे आठ दिवस मी घरात कशी फिरले असेन, देव जाणे. दोनदा भात लागला. एकदा घागर फुटली.

मग बाजाराचा दिवस आला. मामा पहाटेच बैलगाडीत फणस भरून मलकापूरला गेले. आत्ती आणि नणंद शेणखत पांगायला खाचरात गेल्या. आदल्या दिवशी आम्ही तांदळाच्या फेण्या घातल्या होत्या. पानावर पातळ पीठ पसरून वाफवायचं आणि सोडवून उन्हात वाळवायचं. अंगणभर धोतरावर त्या पांढऱ्या फेण्या. आत्ती जाताना म्हणाल्या, "तू हितं बस. कावळं लई झाल्यात, नजर हलवू नगंस."

मी काठी घेऊन बसले. थोडा वेळ कावळे हाकलले. मग खाली हॉर्न वाजला. ती मलकापूरहून वर जाणारी गाडी होती. तासाभरानं ती परत फिरायची, हे मला पाठ होतं. मी उठले, पिशवी घेतली, दाराला कडी घातली. काठी फेण्यांशेजारी आडवी ठेवली, जणू तीच राखण करणार होती. आणि चढ उतरायला लागले. आधी चालत, मग जवळजवळ पळत. वाटेत एकच म्हातारा भेटला. त्यानं विचारलं, "कुणीकडं गं सूनबाई?" मी म्हणाले, "बाजारला." 

गाडीत बसल्यावर सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.  ही गाडी मलकापूरपर्यंतचीच होती, पुढं कोल्हापूरची धरायची. मामा बाजारात असणार, बाजार स्टँडपासून लांब, तोवर आपण निघून जाऊ, असा माझा अंदाज. स्टँडवर उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. कोल्हापूरची गाडी लागली नव्हती. पदर पुढं ओढून मी बाकड्यावर बसले. उठले. फळ्यावरच्या वेळा वाचल्या. पुन्हा बसले. पुन्हा उठताना समोरच्या झाडाखाली बैल दिसले, एकाचं शिंग मोडकं. आमचे बैल. गाडीत राहिलेले चार फणस, आणि चाकाला टेकून बसलेले मामा. ते माझ्याकडंच बघत होते. कधीपासून, कोण जाणे.

मामा मोठ्या हाडापेराचा, कमी बोलणारा माणूस. तोवर माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे "पाणी आण", "दिवा लाव" एवढंच. ते सावकाश उठले, धोतर झटकलं, आणि येऊन बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. आजूबाजूला माणसं होती. त्यांनी परक्याला विचारावं तसं मोठ्यानं विचारलं,

"काय पावणं, कुठं निघालासा?"

मी खाली बघून म्हणाले, "कोल्हापूरला जातो." आमच्याकडं बायकाही 'जातो'च म्हणतात.

"आत्तीला ठावं हाय?"

"न्हाय."

"मग घरात कोन हाय?"

"कोण न्हाय. फेण्या हायत वाळत घातलेल्या."

"म्हंजी कावळ्यास्नी सांगून आलीस म्हन की."

मला हसू येतंय असं वाटलं आणि रडू फुटलं. माणसं बघायला लागली. मामा उठून म्हणाले, "चल, सावलीला चल." गाडीच्या सावलीत त्यांनी मला पोत्यावर बसवलं. एक फणस खाली घेतला, बाटलीतलं तेल हाताला आणि कोयत्याला चोळलं, फणस फोडला. 'रडू नकोस' म्हणाले नाहीत. गरे काढून पानावर ठेवत गेले.

"खा. उपाशी पोटी रडलं की डोकं धरतंय."

मी रडत रडत खायला लागले. कापा फणस होता, करकरीत. इतका गोड की माझीच मला लाज वाटली.

थोड्या वेळानं ते बैलांकडं बघत बोलायला लागले. "मी सतरा वर्सांचा हुतो. अंगानं बरा हुतो म्हनून बानं कोल्हापूरला तालमीत ठेवलं. खुराक बांधला. मोठा पैलवान व्हायाचं म्हनं. खायाला काय कमी न्हवतं. दूध हुतं, बदाम हुतं. पर झोपच यीना. गलका, निस्ता गलका. रस्त्यावर मानसं झोपतच न्हाईत का काय? आठव्या दिशी उठलो आन चालत सुटलो. दुसऱ्या दिशी हितं मलकापुरात पोचलो."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. बा महिनाभर बोलला न्हाई. गाव हासलं. भित्रा म्हनलं, कामचोर म्हनलं. पर का आलास, म्हनून कुनी इचारलंच न्हाई." त्यांनी कोयता गवतावर पुसला. "तुला काय हुतंय गं पोरी?"

त्या घरात आल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. माहेरीही कुणी विचारलं असतं असं नाही. मी हातातल्या गऱ्यातली आठळी काढून पानावर ठेवली. शेवटी म्हणाले, "संध्याकाळ झाली की जीव वर-खाली होतोय मामा. काय करावं कळत न्हाय."

"कुनी काय बोललं?"

"न्हाय. समदे चांगले हायत. त्याचंच जास्त होतंय."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते कळलं असावं, निदान त्यांनी कळल्यासारखं केलं. कोल्हापूरची गाडी फलाटाला लागली तसे ते उठले. तिकीट त्यांनीच काढलं. राहिलेल्यांतला सगळ्यात मोठा फणस खांद्यावर घेऊन गाडीत चढले आणि माझ्या सीटखाली सारला. कंडक्टर कुरकुरला, "वासानं गाडी भरंल की ओ."

"मग चांगलंच हाय की," मामा म्हणाले. मग माझ्याकडं वळून, हळू : "मोकळ्या हातानं म्हायेरला जाऊ नये. घरी काय सांगायचं ते मी सांगतो. मीच बशिवली म्हनून सांगतो. यायचं झालं की कार्ड टाक, मी हितं गाडी घिऊन येतो."

मी विचारलं, "आन न्हाई आलो तर?" मलाही ठाऊक नव्हतं मी असं विचारेन.

त्यांनी फणस पायानं आणखी आत सारला. "ते तुजं तू बघ," म्हणाले आणि उतरले.

माहेरी माझं स्वागत झालं. फणसाचं जास्त झालं. वडिलांनी गल्लीतल्या पोरांना बोलावून अंगणात फोडला, वासानं शेजारच्या बाया गोळा झाल्या, सगळ्यांनी माझ्या सासरचं कौतुक केलं. एकटी कशी आलीस, असं आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, मामांनी बसवून दिलं. ते खोटंही नव्हतं. आईनं माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही.

दोन दिवस मी पेठेत भरपूर फिरले. रेडिओ ऐकला, बहिणीबरोबर सिनेमाला गेले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की, माझी अंथरुणाची जागा आता बहिणीची झालीय आणि मी भिंतीकडेला पाहुण्यासारखी झोपतेय. नळावर बाया विचारायच्या, "किती दिवस हाईस?" एका संध्याकाळी आम्ही सगळे भेळ बांधून कळंब्याच्या तलावावर गेलो. लहानपणापासून आमची उन्हाळ्यातली चैन ती. पोरं पाण्यात दगड मारत होती, वडील चुरमुऱ्यांत कांदा कालवत होते, वारा सुटला होता. आणि मी उठून काठाकाठानं चालायला लागले. पुन्हा तेच. जीव वर-खाली. म्हणजे गाव नव्हतं, गल्ली नव्हती, माझ्याच आत काहीतरी धड बसत नव्हतं. हे कळलं आणि फार भीती वाटली. कारण मग पळून जायचं कुठं?

त्या भीतीनं मी परत गेले, असं म्हणता येत नाही. प्रेमानं गेले, असंही नाही. एवढंच झालं की, एका माणसानं 'काय होतंय' असं विचारलं होतं, आणि तो माणूस तिकडं होता. दहाव्या दिवशी कार्ड टाकलं.

मलकापूरच्या स्टँडवर उतरले तर गाडी उभी. मामांनी पिशवी घेतली, म्हणाले, "बस." वाटेत फक्त बैलांशी बोलले. घरी आत्तींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, आंब्याचा रस वाढला आणि विचारलं, "तिकडं आंबा कसा हाय औंदा?" बाकी काही नाही.

खरं काय झालं ते नणंदेनं सांगितलं, दुसऱ्या दिवशी, डोहात बसल्यावर. मामांनी घरी येऊन सांगितलं होतं की, बाजारात हिच्या माहेरचा माणूस भेटला, घाईत होता, म्हणून मीच चिठ्ठी पाठवून हिला बोलावून घेतलं आणि बसवून दिली. आत्ती पेटल्या. मला न विचारता सून धाडली, फेण्यांची नासाडी झाली, मी घरात कोण आहे, असं चार दिवस चाललं होतं. गावात कुणीतरी काहीतरी बोललं, तेही मामांवरच आलं, म्हातारा सुनेच्या तालावर नाचतो म्हणून. ते एका शब्दानंही बोलले नव्हते. आणि माझं कार्ड हाती पडण्याआधीच दोन दिवस गाडी जुंपून स्टँडवर जाऊन बसले होते.

"तू खरंच चिठ्ठी आल्यावर गेलीस का वैनी?" तिनं विचारलं.

मी तिला खरं सांगितलं. ती पाण्यात तोंड बुडवून बराच वेळ बुडबुडे काढत राहिली. कुणाला सांगितलं नाही तिनं कधी.

बेचैनी गेली असं नाही. पुढं नवऱ्याबरोबर क्वार्टरमध्ये राहिले, गावं बदलली, पोरं झाली. उन्हाळा आला की अजूनही मी घरभर फिरत असते. पण त्या बेचैनीला पळून जाण्याचं नाव दिलं नाही पुन्हा.

मला मात्र मामांना काही सांगायचं होतं. आमच्या घरात आभार मानायचे शब्दच नव्हते. कुणी मानले असते तर माणसांनी संशयानं बघितलं असतं. तीन वर्षांनी, नवऱ्याकडं जायच्या आधीच्या उन्हाळ्यात, आम्ही धूळवाफेवर, पावसाआधीच्या कोरड्या मातीत, भात पेरत होतो. मामा कुरी, म्हणजे पेरायची पाभर, धरून पुढं, मी मागं सांडलेलं बी पायानं मातीत सारत. आत्ती बांधावर लांब होत्या. मी धीर केला.

"मामा, त्या दिवशी तुम्ही मला स्टँडवर…"

"कुठल्या दिशी?" त्यांनी मागं न बघता विचारलं.

"मी निघालेले तवा."

त्यांनी बैल थांबवले. घाम पुसला. वळून माझ्याकडं बघितलं, आणि मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

"परत जायचं हाय व्हय?" ते म्हणाले. "परवा बाजार हाय. गाडी रिकामीच चाललीया. जाऊन यायचं असंल तर चल."

मी म्हणाले, "न्हाय ओ मामा. तसं न्हाय."

"बरं मग," म्हणाले, आणि बैलांना हाक मारून पुढं निघाले. मी मागून बी झाकत गेले.